इंग्रजीत अनेकवचनाला 'द' लावायचं, 'ए' लावायचं की तसंच मोकळं सोडायचं?

पॅकहाउसवाला
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्ष निर्यातीच्या एका पॅकहाउसमध्ये कामाला आहे. हंगाम सुरू झाला की दिवसभर मेल. बागेतली खबर मराठीत येते, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ती इंग्रजीत जाते, आणि मधे मी बसलेलो असतो. सध्या ऑफिसात दोन तट पडलेत. थोरल्या साहेबांचं म्हणणं, इंग्रजीत नाम उघडं दिसता कामा नये, पुढं काहीतरी हवंच. म्हणून ते सगळीकडे 'द' टाकतात. कागदपत्रं बघणारी नवी मुलगी त्यातले निम्मे खोडते. 'सेंड' मात्र मी दाबतो, त्यामुळे दोघांचं ऐकून घ्यायला मीच.

वादातली वाक्यं देतो:
१. वी एक्सपोर्ट द ग्रेप्स टू द नेदरलँड्स.
२. द बॉक्सेस वेअर डॅमेज्ड.
३. वी हॅव ए गुड कोल्ड स्टोरेज फॅसिलिटीज.

तिसरं चूक आहे हे दिसतंय, पण का ते साहेबांना पटेल असं सांगता आलं पाहिजे. शाळेत आम्हाला एवढंच होतं: स्वर आला की ॲन, नाहीतर ए, आणि सूर्य-चंद्राला द. अनेकवचनाच्या वाट्याला काय येतं त्याचा उल्लेखच नव्हता. जाणकारांनी सांगावं.

चिवडा_आणि_चहा
पहिला! जाणकार येईपर्यंत खुर्ची टाकून बसतो.

वैदेही_गंगापूररोड
तिसऱ्यापासून सुरू करते. इंग्रजीतला 'ए' म्हणजे झिजलेला 'वन'. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा 'आन' असा शब्द होता, त्यातूनच 'वन' आला आणि 'ॲन'ही. व्यंजनापुढे न गळला, राहिला 'ए'. त्यामुळे 'ए फॅसिलिटीज' म्हणजे 'एक सुविधा आहेत' असं बोलल्यासारखं. साहेबांना हेच मराठीत बोलून दाखवा, त्यांच्याच कानाला खटकेल. एक तर 'ए गुड कोल्ड स्टोरेज फॅसिलिटी', नाहीतर 'गुड कोल्ड स्टोरेज फॅसिलिटीज'. 'गुड' मधे आल्यामुळे फसायला होतं. विशेषण कितीही लांबवा, 'ए'चं नातं शेवटच्या नामाशीच असतं.

'द'ला मात्र वचनाशी देणंघेणं नाही. द बॉक्स, द बॉक्सेस, द वॉटर, सगळं चालतं. तो वेगळाच प्रश्न विचारतो: कोणता ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर 'द'. नसेल, आणि वस्तू एक असेल, तर 'ए'. नसेल, आणि वस्तू अनेक असतील किंवा मोजता येणारी नसेल, तर काही नाही, फार तर 'सम'. नाम उघडं राहिलं म्हणजे काही विसरलं असं नाही. ते उघडं ठेवण्यालाही अर्थ असतो.

म्हणून पहिल्या वाक्यातला पहिला 'द' काढा. तुम्ही द्राक्षं निर्यात करता, ठरावीक अशी कोणती द्राक्षं नव्हे. दुसरा 'द' राहू द्या.

सातपूरकर
नेदरलँड्सला द आणि इंडियाला नाही? त्यांनी असं काय पुण्य केलं?

वैदेही_गंगापूररोड
@सातपूरकर, नावच अनेकवचनी आहे ना. लँड्स. नावात अनेकवचन असलं की 'द' येतो: द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द मालदीव्ज, द युनायटेड स्टेट्स. नेपाळ, श्रीलंका, जपान यांना नाही. गंमत म्हणजे क्रियापद एकवचनी, 'द नेदरलँड्स इज'. देश एकच ना शेवटी.

कागदपत्रे
मी याच धंद्यात आहे, न्हावा-शेवा बंदराच्या बाजूला. पहिलं आणि तिसरं वाक्य चुकलं तर समोरचा फार तर गालात हसेल. दुसऱ्यात पैसे आहेत, त्याकडे लक्ष द्या.

समजा कंटेनर उघडला आणि काही पेट्या चेपलेल्या निघाल्या. तिकडून मेल आला 'सम बॉक्सेस वेअर डॅमेज्ड', तर पुढचा प्रश्न सरळ असतो, किती? फोटो मागवायचे, आकडा ठरवायचा. पण तुम्हीच उत्तरात लिहून बसलात 'वी रिग्रेट दॅट द बॉक्सेस वेअर डॅमेज्ड', तर ज्या पेट्यांबद्दल बोलणं चाललंय त्या सगळ्याच, असा अर्थ निघतो. अनेकवचनाला लागलेला 'द' अख्खा गठ्ठा उचलतो. क्लेमच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या, कागदात अख्खा गठ्ठा म्हणजे अख्खी रक्कम.

तुमच्या ऑफिसातली ती मुलगी 'द' खोडते ना? तिला चहा पाजा.

निवृत्त_मास्तर
कागदपत्रे यांचा मुद्दा मोलाचा, पण जरा ताणलेला वाटतो. बोलीभाषेत इंग्रज माणूस 'द विंडोज वेअर ओपन' म्हणतो तेव्हा घरातली एकूण एक खिडकी उघडी होती असं त्याला म्हणायचं नसतं. दोन बंद असल्या तरी वाक्य खोटं ठरत नाही. 'द' म्हणजे शंभर टक्के असा हिशेब व्यवहारात नेहमी बसत नाही.

कागदपत्रे
सर, बोलण्यात कबूल. पण क्लेम बोलण्यावर चालत नाही, आणि समोरचा सोयीचा अर्थच काढणार. माझ्या मते तर 'सम'सुद्धा नको. आकडाच लिहावा. 'फॉर्टी ऑफ द बॉक्सेस', विषय संपला. इथे 'ऑफ'च्या मागे 'द' हवाच, कारण ठरलेल्या गठ्ठ्यातल्या चाळीस. 'फॉर्टी ऑफ बॉक्सेस' असं होत नाही.

निवृत्त_मास्तर
हे मान्य. आकडा असेल तिथे व्याकरणाच्या भरवशावर राहू नये.

निफाडी
मी शेतकरी माणूस, इंग्रजी जेमतेम. पण आमची पोरं इंग्रजीत का अडखळतात ते मला थोडं कळतं. आपण पीक एकवचनात बोलतो. 'यंदा द्राक्ष चांगलं आहे.' 'लासलगावला कांदा पडला.' 'टोमॅटोला भाव नाही.' हजारो क्विंटल कांदा मार्केटात आलेला असतो आणि आपण म्हणतो 'कांदा आला'. एक कांदा आला असं कुणाला वाटत नाही. मग पोरगं लिहितं 'ओनियन इज कमिंग इन मार्केट'. त्याला चूक तरी कशी म्हणायची, त्यानं घरात तेच ऐकलंय.

वैदेही_गंगापूररोड
निफाडी दादा, दंडवत. इतकी वर्षं वर्गात शिकवते, पण हे असं कधी मांडलं नव्हतं. हो, मराठीत पिकाचं नाव एकवचनात राहूनच ढीग दाखवतं. इंग्रजीत फळं आणि बऱ्याच भाज्या मोजल्या जातात, म्हणून ढीग असला की अनेकवचन, आणि पुढे काही नाही: ओनियन्स आर चीप, ग्रेप्स आर रेडी. धान्य मात्र आपल्यासारखंच एकवचनी: राइस इज, व्हीट इज, मेझ इज. तिथे ना ए, ना एस. डाळी परत अनेकवचनी, लेंटिल्स आर.

सिडकोचा_सिद्धू
आणि लसूण?

वैदेही_गंगापूररोड
गार्लिक इज. मोजायचाच असेल तर पाकळी मोजा, 'ए क्लोव्ह ऑफ गार्लिक'.

सिडकोचा_सिद्धू
म्हणजे कांदे अनेक आणि लसूण एकवचनी, एकाच फोडणीत. हे इंग्रज स्वयंपाक कसा करायचे भो?

चिवडा_आणि_चहा
लसूण न घालता.

गोदाकाठचा
हहपुवा, हसून हसून पुरेवाट.

भाषावेडी
सिद्धू, आणखी एक. कांदा चिरला की तोही एकवचनी होतो. 'देअर इज चॉप्ड ओनियन ऑन माय मिसळ.' अख्खे असतील तर ओनियन्स, चिरून ढीग झाला की ओनियन. म्हणजे मोजता येणं हा गुण वस्तूत कमी आणि आपण तिच्याकडे कसं बघतो त्यात जास्त.

वाटाण्याची तर वेगळीच कथा. पूर्वीच्या इंग्रजीत 'पीझ' असा एकवचनी, ढीग दाखवणारा शब्द होता, आपल्या 'वाटाणा आला'सारखा. शेवटचा 'झ' ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं, मग त्यांनी 'पी' असं नवं एकवचन पाडलं. आज 'ए पी' आणि 'पीज' दोन्ही पक्के शब्द आहेत.

सातपूरकर
म्हणजे चुका इंग्रजांनी केल्या की तो इतिहास, आमच्या पोरांनी केल्या की लाल पेन.

निवृत्त_मास्तर
+१. ए-ॲनच्या बाबतीतही त्यांनी हेच केलंय. 'ए नॅप्रन' होतं, लोकांनी ते 'ॲन ॲप्रन' असं तोडलं, आणि नामाचा न कायमचा ॲनकडे गेला. क्रिकेटवाल्यांसाठी: 'अंपायर'च्या सुरुवातीलाही मुळात न होता, तोही असाच गेला. उलटा प्रवास 'निकनेम'चा. 'ॲन एकनेम'मधला न नामाला जाऊन चिकटला.

गोदाकाठचा
अंपायरचा न गेला, त्याला रिव्ह्यू नाही का?

देवळाली_कॅम्प
विषयाला धरून प्रश्न. ए म्हणजे एक, अनेकवचनाला कधीच लागत नाही असं वर म्हटलंय. मग 'ए फ्यू बॉक्सेस'? 'ए डझन बनानाज'? 'ए हंड्रेड रुपीज'? ही काय एकवचनं आहेत?

सिडकोचा_सिद्धू
आता कसं. मास्तर, ताई, उत्तर द्या.

वैदेही_गंगापूररोड
हा प्रश्न नववीतला एखादा मुलगा दर वर्षी विचारतोच. 'ए' तिथे केळ्यांना लागलेला नाही, डझनाला लागलाय. एक डझन. एक शेकडा. 'फ्यू'चंही तसंच, एक छोटासा गट. गटाच्या आत वस्तू अनेक असल्यामुळे पुढचं नाम अनेकवचनी. 'ॲन ॲडिशनल ट्वेंटी बॉक्सेस' हेसुद्धा बरोबर आहे, कारण जादा वीस पेट्या मिळून एक गठ्ठा धरलाय. मधलं 'ॲडिशनल' काढलं की 'ए'ही गेला, नुसतं 'ट्वेंटी बॉक्सेस'.

कागदपत्रे
आणि 'ए फ्यू' व 'फ्यू' यात घोळ करू नका रे बाबांनो. 'वी हॅव ए फ्यू बॉक्सेस लेफ्ट' म्हणजे थोड्या आहेत, हव्या तर घ्या. 'वी हॅव फ्यू बॉक्सेस लेफ्ट' म्हणजे जवळजवळ संपल्याच, आशा ठेवू नका. अनेकवचनामागचा एवढासा 'ए' काढला की माल विकायचा सोडून परत पाठवणी. न मोजता येणाऱ्या मालासाठी हीच जोडी 'ए लिटल' आणि 'लिटल'.

अजून एक, रोज दिसणारं: 'ए नंबर ऑफ बॉक्सेस वेअर' पण 'द नंबर ऑफ बॉक्सेस वॉज'. पहिल्यात पेट्या बोलतात, दुसऱ्यात आकडा.

पॅकहाउसवाला
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. वैदेही ताई, तिसरं वाक्य साहेबांना मराठीत बोलून दाखवलं, 'एक चांगली सुविधा आहेत'. ते हसले आणि 'ए' स्वतः काढला. पहिल्या वाक्यावर अजून अडलेत. त्यांचं म्हणणं, 'आपली द्राक्षं काय ऐरीगैरी आहेत का? द ग्रेप्सच पाहिजे.'

अजून एक शंका. पेटीचं वजन पाच किलो. 'ए फाइव्ह किलोज बॉक्स' लिहायचं का?

कागदपत्रे
'ए फाइव्ह-किलो बॉक्स.' आकडा आणि एकक मिळून विशेषण झालं की एकक एकवचनी होतं, आणि 'ए' बॉक्सचा. अनेक पेट्या असतील तर 'फाइव्ह-किलो बॉक्सेस', किलो तसाच. पनेट, म्हणजे छोटी डबी, असेल तर 'ए फाइव्ह-हंड्रेड-ग्रॅम पनेट'. 'टू हंड्रेड्स बॉक्सेस' असंही लिहू नका, 'टू हंड्रेड बॉक्सेस'.

भो_नाशिक
एक विचारू का, राग मानू नका. याचा इतका काथ्याकूट कशाला? समोरचा डच माणूस, त्याचीही मातृभाषा इंग्रजी नाही. त्याला द्राक्षं गोड लागली, फवारणीच्या औषधांचे अंश तपासणारा रेसिड्यू रिपोर्ट चोख आला, पैसे वेळेत आले, झालं. 'द'साठी आजवर कुणाची ऑर्डर रद्द झाली? आपल्याकडे इंग्रजीच्या भीतीनंच निम्मी माणसं मेल लिहीत नाहीत, त्यात तुम्ही आणखी भीती घालताय.

चिवडा_आणि_चहा
आला, आला. पॉपकॉर्न कुठंय?

निफाडी
भो_नाशिक, भीतीचं बोललात ते खरं. माझा पुतण्या फोनवर फर्ड्या इंग्रजीत बोलतो, कारण बोलताना 'द' कुणी मोजत नाही. लिहायला बसला की घाम फुटतो.

भाषावेडी
@भो_नाशिक, डच माणसाचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. त्याच्या भाषेतही हाच खेळ आहे. 'एन' म्हणजे एक, तो एकवचनाला. ठाऊक असलेल्याला 'द' किंवा 'हेट', आणि अनेकवचनात दोन्हींचा 'द'. ठाऊक नसलेलं अनेकवचन असेल तर काही नाही. म्हणजे त्याला 'द बॉक्सेस' आणि 'बॉक्सेस' यातला फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. समोरचा रशियन असता तर तुम्ही दोघंही सारखेच अडखळला असता, कारण रशियनमध्ये उपपदंच, म्हणजे ए-द सारखे शब्द, नाहीत.

भो_नाशिक
बरं बाई, डचांचं मान्य. पण मराठीतही उपपदं नाहीत आणि आपलं काही अडलेलं नाही.

भाषावेडी
उपपदं नाहीत, पण ती कामं आपण करतोच. 'आई ताईसाठी मुलगा शोधतेय' आणि 'आई मुलाला शोधतेय', दोन्ही वाक्यं ऐका. पहिल्यात कुठलाही चांगला मुलगा चालेल, लग्न जमवायचंय. दुसऱ्यात ठरावीक मुलगा हरवलाय. एका 'ला'नं फरक पडला. पहिलं इंग्रजीत 'ए बॉय', दुसरं 'द बॉय'. अनेकवचनातही तेच: 'कंपनी माणसं शोधतेय' म्हणजे भरती चालू आहे, 'कंपनी माणसांना शोधतेय' म्हणजे पोलिसात गेलेत.

निर्जीव वस्तूंना मात्र हा 'ला' सहसा लागत नाही. 'पेट्या उघड' म्हटलं तर कुठल्या ते समोरच्यानं संदर्भावरून ओळखायचं. म्हणूनच बहुतेक पेट्यांपाशीच आपलं अडतं, माणसांपाशी कमी.

वैदेही_गंगापूररोड
भाषावेडी, हे उदाहरण उद्या वर्गात चोरणार आहे. आधीच सांगून ठेवते.

सिडकोचा_सिद्धू
वर्गातल्या मुली 'आई मुलगा शोधतेय' ऐकून पुढचं व्याकरण ऐकतील असं वाटत नाही.

गोदाकाठचा
नाशिकच्या जागांचं काय? माझी मुलगी 'माय सिटी'वर निबंध लिहितेय. गोदावरीला द आहे हे मला माहीत आहे. बाकी?

निवृत्त_मास्तर
नद्यांना द: द गोदावरी, द दारणा. डोंगराची रांग अनेकवचनी, तिला द: द वेस्टर्न घाट्स, द सातमाळा हिल्स. एकटं शिखर किंवा किल्ला उघडा: ब्रह्मगिरी, साल्हेर, धोडप. लेण्यांचा समूह, 'द पांडवलेणी केव्हज'. पण त्यातलं गौतमीपुत्राच्या शिलालेखाचं लेणं सांगायचं तर 'केव्ह थ्री', तिथे द नाही. नामाच्या मागून आकडा आला की द गळतो: केव्ह थ्री, प्लॅटफॉर्म टू, कंटेनर फोर. क्रमवाचक पुढे आला तर द परत येतो: द थर्ड केव्ह.

आडनावांचंही लिहा तिला. एक कुलकर्णी आला तर 'मिस्टर कुलकर्णी', अख्खं कुटुंब आलं तर 'द कुलकर्णीज'. इथेही अनेकवचन आलं की द.

गोदाकाठचा
वाखुसा, वाचनखूण साठवली. आणि रामकुंडावर माणसांची गर्दी लिहायची तर 'पीपल' की 'द पीपल'?

निवृत्त_मास्तर
सर्वसाधारण माणसं येतात तर 'पीपल कम टू रामकुंड'. 'द पीपल' लिहिलं तर वाचणारा विचारेल, कोणती? 'द पीपल हू लिव्ह निअर रामकुंड' असं पुढे सांगितलंत तर द हवाच. 'पीपल' दिसायला एकवचनी पण वागायला अनेकवचनी, त्यामुळे 'इज' नको. 'पोलीस'ही तसंच, 'द पोलीस आर'.

सातपूरकर
अवांतर: परवा आमच्या भागात बिबट्या आल्याचा इंग्रजी मेसेज फिरत होता. 'द लेपर्ड इज सीन.' अर्ध्या सोसायटीला वाटलं, ज्याची आधी चर्चा झाली तोच परत आला.

भाषावेडी
बातमीत बिबट्या पहिल्यांदा येतो तेव्हा 'ए लेपर्ड वॉज सीन'. दुसऱ्या वाक्यात तो ओळखीचा होतो, 'द लेपर्ड जम्प्ड ओव्हर ए वॉल'. दोन दिसले तर 'टू लेपर्ड्स वेअर सीन', पुढच्या वाक्यात 'द लेपर्ड्स'. जातीबद्दल बोलायचं तर तीन रस्ते आहेत: 'लेपर्ड्स लिव्ह इन शुगरकेन फील्ड्स', 'द लेपर्ड इज ए शाय ॲनिमल', 'ए लेपर्ड कॅन क्लाइम्ब ट्रीज'. पण अख्ख्या जातीची संख्या घटतेय असं सांगायचं असेल तर 'ए' चालत नाही. एक बिबट्या कसा घटेल? तिथे 'लेपर्ड्स' किंवा 'द लेपर्ड' म्हणायचं.

चिवडा_आणि_चहा
एक बिबट्या उपाशी राहिला तर घटेल की.

संपादक
मंडळी, बिबट्यासाठी स्वतंत्र धागा काढा. मिसळ आधीच वर येऊन गेलीय, आता कुठली चांगली आणि कुठली नाही ते इथे सुरू करू नका. प्रतिसाद उडवले जातील.

सिडकोचा_सिद्धू
संपादक काका, एकच: 'ए मिसळ' की 'मिसळ'?

वैदेही_गंगापूररोड
प्लेट मोजलीस तर 'टू मिसळ्स', हॉटेलात 'टू कॉफीज' म्हणतात तसं. पदार्थ म्हणून बोललास तर नुसती मिसळ. संपादकांनी उडवायच्या आत वाचून घे.

देवळाली_कॅम्प
यादी हवी होती, कुणीच दिली नाही. न मोजता येणारी, म्हणून ना 'ए' ना 'एस', आणि तरी आपल्याकडे पाट्यांवर, अर्जांवर सर्रास 'एस' लावलेली: फर्निचर, इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट, सीनरी, होमवर्क. 'न्यूज'चा एस दिसतो पण तीही एकवचनीच. मोजायचं तर 'ए पीस ऑफ'. उलट कात्री, विजार, चष्मा एकेकटे असूनही अनेकवचनी, तिथे 'ए' नाही, 'ए पेअर ऑफ'.

भो_नाशिक
माझा मुद्दा मागे घेत नाही, पण कागदपत्रे यांचा क्लेमवाला प्रतिसाद दोनदा वाचला. पैशाच्या कागदात बघून लिहावं, एवढं मान्य. बाकी ठिकाणी बिनधास्त लिहा.

पॅकहाउसवाला
पहिल्या वाक्यावर परत येतो. आज साहेबांपुढे दोन वाक्यं ठेवली. 'वी एक्सपोर्ट ग्रेप्स' आणि 'द ग्रेप्स वी एक्सपोर्ट आर रेसिड्यू-टेस्टेड'. दुसऱ्यात 'वी एक्सपोर्ट' मागून आलं, म्हणून कोणती द्राक्षं ते ठरलं, म्हणून द. बरोबर ना? साहेबांना त्यांचा 'द' मिळाला, खोडणाऱ्या मुलीला तिचं मोकळं नाम मिळालं. तरी एक वाक्य राहिलंच: 'द ग्रेप्स फ्रॉम नाशिक आर स्वीट' की 'ग्रेप्स फ्रॉम नाशिक आर स्वीट'?

वैदेही_गंगापूररोड
नाशिकची द्राक्षं एकूणच गोड असतात असा दावा असेल तर मोकळं. एकाच खेपेत दोन ठिकाणचा माल आहे आणि त्यातला नाशिकचा गोड निघाला, तर द.

निवृत्त_मास्तर
मी जाहिरातीतही द ठेवीन. 'फ्रॉम नाशिक' म्हटल्यावर कोणती ते ठरलंच की.

वैदेही_गंगापूररोड
सर, ठिकाण सांगितलं म्हणून गट ओळखीचा होत नाही. 'स्टुडंट्स फ्रॉम नाशिक आर वेलकम' म्हणतो ना आपण?

निवृत्त_मास्तर
आणि 'द ग्रेप्स ऑफ नाशिक'? तिथे तुम्ही द काढून दाखवा.

वैदेही_गंगापूररोड
'ऑफ'ला नाही काढत. 'फ्रॉम'ला काढते.

कागदपत्रे
पॅकहाउसवाले, हे दोघं संक्रांतीपर्यंत थांबत नाहीत. मोकळं पाठवून द्या, गिऱ्हाईक दावा म्हणूनच वाचणार.

पॅकहाउसवाला
पाठवलं. पेटीवरच्या छापाचं काय? 'थॉमसन सीडलेस ग्रेप्स, प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. साहेब आता तिथे 'द प्रॉडक्ट' म्हणतायत.

कागदपत्रे
छापायला गेलं नसेल तर थांबवा. लेबल, पाटी, बातमीचा मथळा इथे उपपदं गाळतात, एकवचन असो वा अनेकवचन.